मैदान पाडलं, भिंत ठेवली: पिट्सबर्गचं फोर्ब्ज फील्ड

ओकलंडकर

दरवर्षी १३ ऑक्टोबरला दुपारी एकच्या ठोक्याला पिट्सबर्गच्या ओकलंड भागात एका जुन्या विटांच्या भिंतीपाशी लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि १९६० सालच्या एका बेसबॉल सामन्याची रेडिओ कॉमेंट्री पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. निकाल सगळ्यांना पाठ आहे. तरी टेप एकलाच सुरू होते, कारण सामना एकला सुरू झाला होता. आणि ३ वाजून ३६ मिनिटांनी बिल मॅझेरोस्कीचा चेंडू भिंतीपलीकडे जातो, कारण तेव्हाही तो त्याच मिनिटाला गेला होता. १९८५ मध्ये एका माणसाने टेप घेऊन, एकट्याने खांबाला टेकून हे सुरू केलं. आता उशिरा गेलात तर मागे उभं राहावं लागतं.

मी इथे नोकरीला आलो तेव्हा बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. जायच्या-यायच्या वाटेवर ही भिंत लागायची. वेल चढलेला, मधेच पांढऱ्या आकड्यांत '४५७ फूट' रंगवलेलं, पुढे '४३६ फूट', आणि जवळ झेंड्याचा उंच खांब. मला वाटायचं, कुठल्या तरी कारखान्याचं कुंपण पाडायचं राहून गेलंय.

तर ही फोर्ब्ज फील्डची मागची भिंत. हे मैदान ३० जून १९०९ ला उघडलं आणि शेवटचे सामने झाले २८ जून १९७० ला. एकसष्ट वर्षं. इथला बेसबॉल संघ पायरेट्स, त्याचा मालक बार्नी ड्रायफस. आधीचं मैदान नदीकाठी होतं, तिथे पुराचं पाणी शिरायचं. म्हणून याने शेनली पार्कच्या कडेची जमीन घेतली. तेव्हा लोक म्हणाले, एवढ्या लांब मरायला कोण जाणार! 'ड्रायफसचा वेडेपणा' असं नावच पडलं. पठ्ठ्याने मार्चमध्ये काम काढलं आणि जूनअखेरीस पोलाद आणि काँक्रीटचं स्टेडियम उभं केलं, तेही बहुतेक ठिकाणी लाकडी स्टँड असण्याच्या जमान्यात.

ड्रायफसला फुकटातले होम रन (चेंडू थेट कुंपणाबाहेर, आपला षटकारच म्हणा) आवडत नसत. म्हणून मैदान अवाढव्य. ४५७ फूट म्हणजे जवळजवळ १४० मीटर. आपल्या क्रिकेटच्या सीमारेषेच्या दुप्पट धरा. सरावाचा जाळीचा पिंजरा सामना चालू असताना चक्क मैदानातच त्या कोपऱ्यात उभा असायचा. तिथवर चेंडू जातोय कशाला! बेसबॉलमधला दंतकथा झालेला बॅटर बेब रूथ, त्याचे शेवटचे तीन होम रन इथलेच, तिन्ही एकाच दिवशी, २५ मे १९३५ ला. वय चाळीस, संघ बोस्टन ब्रेव्ह्ज, शरीर थकलेलं. त्यातला तिसरा, म्हणजे कारकिर्दीतला ७१४ वा, उजवीकडच्या स्टँडच्या छपरावरून मैदानाबाहेर गेला. तोवर तसा कोणीच मारला नव्हता.

आणि मग १९६० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉल हंगामाची अंतिम मालिका, चार सामने आधी जिंकेल तो विजेता. समोर न्यूयॉर्क यांकीज. सात सामन्यांत मिळून यांकीजच्या धावा ५५, पायरेट्सच्या २७. तरी सिरीज पायरेट्सने जिंकली, ४-३. सातवा सामना १०-९. वर्ल्ड सिरीजचा शेवट होम रनने होण्याची ती पहिली वेळ.

आता गंमत बघा. जी भिंत उभी आहे, तिच्यावरून तो चेंडू गेलेलाच नाही! तो गेला डावीकडून, ४०६ फुटांच्या खुणेजवळून. तो भाग पाडला. तिथून आता रस्ता आणि फुटपाथ जातो, आणि फुटपाथवर भिंतीच्या मूळ रेषेत विटा बसवल्यात. रेषेवरून चालत गेलात की एका जागी फरशीत बसवलेली पाटी लागते: चेंडू इथून पलीकडे गेला. ४०६ च्या खुणेचा भिंतीचा तुकडा आधी नव्या थ्री रिव्हर्स स्टेडियमच्या क्लबात गेला आणि आता त्याहून नव्या पीएनसी पार्कजवळ, म्हणजे पायरेट्सच्या आजच्या मैदानाजवळ, आहे. म्हणजे तुकडा नदीपलीकडे, जागा फुटपाथवर, आणि लोक जमतात ते तिसऱ्याच ठिकाणी, उरलेल्या भिंतीशी.

माझं म्हणणं असं की पाडलेल्या मैदानाचं स्मारक करायचं तर आधी जागा आणि माप जपा. पुतळे, कारंजी, रोषणाई मागाहून. इथे बॅटर उभा होता आणि तिथे भिंत होती हे अंतर माणसाला चालून बघता आलं, की बेसबॉल न कळणाऱ्यालाही काही तरी कळतं. मला कळलं ते असंच.

तुमच्या गावची उदाहरणं टाका. जमलेली आणि फसलेली, दोन्ही.

गुगली

भारी धागा! वानखेडे आठवलं. २ एप्रिल २०११ चा धोनीचा षटकार जिथे पडला, त्या स्टँडमधल्या जागेचं स्मारक एमसीएने २०२३ मध्ये केलं, धोनीच्याच हस्ते. तिकडेही शेवटचा फटका आणि चेंडू पडल्याची जागा. अर्थात वानखेडे उभं आहे, तिथे मॅच चालू असतात, त्यामुळे तुमच्या फुटपाथएवढी मजा नाही.

एक विचारायचंय. सात सामन्यांत दुप्पट धावा खाऊन जिंकले कसे?

ओकलंडकर

@गुगली, यांकीज जिंकले तेव्हा १६-३, १०-०, १२-० असे जिंकले. हरले तेव्हा थोडक्यात हरले. मालिकेत धावांची बेरीज कोण विचारतो! सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीसही हरलेल्या संघाच्या बॉबी रिचर्डसनला मिळालं. वर्ल्ड सिरीजमध्ये असं एकदाच झालंय.

सातव्या सामन्यात आठव्या डावात एक सरपटी चेंडू उसळून यांकीजच्या टोनी कुबेकच्या गळ्यावर लागला आणि तिथून सामना फिरला. त्याला मैदान सोडावं लागलं. इथली जमीन दगडासारखी टणक होती म्हणून चेंडू उसळला, असं जुने लोक सांगतात.

भोचक_भवानी

ओकलंडकर, तुम्ही मुख्य गोष्ट शिताफीने गाळलीत. होम प्लेटचं, म्हणजे बॅटर जिच्यापाशी उभा राहून मारतो त्या जमिनीतल्या पट्टीचं, काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मैदानाच्या जागी पिट्सबर्ग विद्यापीठाची एक भलीमोठी इमारत आहे, पॉस्वर हॉल. तिच्या तळमजल्यावर जमिनीत काचेखाली जुनी होम प्लेट बसवलीय. मी तिथे शिकलेय. परीक्षेच्या दिवसांत पोरं कॉफी सांडत त्यावरून पळायची. एखादा टोपीवाला आजोबा फोटो काढायला वाकला की सगळे त्याला वळसा घालून जायचे. पांढरी पंचकोनी रबराची प्लेट, बाकी काही नाही.

पण ती खऱ्या जागेवर नाहीये! गावात सर्रास सांगतात की खरी जागा बायकांच्या स्वच्छतागृहात येते, थेट पाचव्या संडासात. म्हणून सरकवली. मग 'आधी जागा' या तुमच्या सिद्धांताचं काय झालं?

ओकलंडकर

@भोचक_भवानी, गाळली नाही, तुमच्यासाठी ठेवली होती. :)

संडासाची गोष्ट ही गावाची लाडकी दंतकथा आहे, तिच्यावर पैज लावू नका. पण प्लेट मूळ जागेवर नाही हे खरं. आणि म्हणूनच तिथे कोणी जमत नाही. आत बसायला जागा आहे, ऊब आहे. तरी ऑक्टोबरच्या गारठ्यात लोक बाहेर भिंतीशी बसतात. प्लेट अस्सल आहे पण जागा चुकीची. फुटपाथवरची विटांची रेषा मागाहून बसवलेली आहे, पण जागा बरोबर. लोकांनी कौल कुणाला दिला ते दिसतंयच.

कोथरूडचा_नाना

लेख माहितीपूर्ण आहे. तथापि मूळ मुद्दा पटला नाही. रेषा आणि खुणा जाणकारांसाठी. सामान्य माणूस पुतळ्यापाशी थांबतो. फुटपाथवर विटांची ओळ दिसली तर तो ती ओलांडून जाईल, फार तर नगरपालिकेने काम अर्धवट टाकलं असं म्हणेल. पुतळा असला की नातू विचारतो, "हे कोण?" आणि गोष्ट पुढे जाते. त्या मॅझेरोस्कीचा पुतळा का नाही केला?

ओकलंडकर

@नाना, केलाय ना! २०१० मध्ये. पण तो पीएनसी पार्कच्या दारात आहे, नदीपलीकडे, जिथे तो एकही सामना खेळला नाही.

त्याहून बोलकं उदाहरण होनस वॅग्नरचं. पायरेट्सचा सर्वांत मोठा खेळाडू म्हणून अजूनही त्याचंच नाव घेतात. त्याचा पुतळा १९५५ मध्ये फोर्ब्ज फील्डच्या बाहेर, शेनली पार्कात उभारला. वॅग्नर तेव्हा हयात होता, त्याच वर्षी पुढे गेला. मैदान पाडलं, तर पुतळा उचलून थ्री रिव्हर्सला नेला. ते स्टेडियम तीस वर्षांत म्हातारं झालं, २००१ मध्ये सुरुंग लावून पाडलं, तर पुतळा पुन्हा उचलला, पीएनसी पार्कला नेला. बिचारा वॅग्नर संघाच्या सामानाबरोबर घरं बदलतोय. ड्रायफसच्या नावाचा ग्रॅनाइटचा स्मृतिस्तंभ मैदानातच भिंतीपुढे उभा असायचा, तोही आता तिकडेच.

पुतळा संघाच्या मालकीचा असतो. संघ जातो तिथे तो जातो. भिंत कुठे जाणार?

कोथरूडचा_नाना

हा मुद्दा मान्य. परंतु नातवाचा प्रश्न शिल्लक राहतोच.

मिनिआपोलिसची_माई

आमच्याकडचं सांगते. मॉल ऑफ अमेरिकाला तुमच्यातले निम्मे तरी आई-बाबांना घेऊन गेले असतील. त्या मॉलच्या जागी आधी मेट्रोपॉलिटन स्टेडियम होतं. आमचा बेसबॉल संघ ट्विन्स तिथे खेळायचा. स्टेडियम ऐंशीच्या दशकात पाडलं, मॉल १९९२ मध्ये उघडला. मधोमध पाळण्यांचं पार्क आहे ना, तिथे एका कोपऱ्यात जमिनीवर होम प्लेटच्या आकाराची पाटी आहे. मूळ जागी.

आता तिथे उभं राहून समोर पलीकडच्या भिंतीकडे बघा. पाण्यातल्या ओंडक्यांच्या राइडच्या वर, उंचावर, एक लाल खुर्ची भिंतीला ठोकलीय. एकटीच. बसायला नाही, तिथे कोणाचा हात पोचणार नाही. ३ जून १९६७ ला ट्विन्सच्या हार्मन किलब्रूने मारलेला ५२० फुटांचा होम रन जिथे आदळला, ती ही जागा.

दुकानांच्या गर्दीत, पोरांच्या किंकाळ्यांत हे दोन बिंदू आहेत आणि मधे अख्खा मॉल. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला पाटीवर उभं केलं आणि खुर्ची दाखवली. तो म्हणाला, "खोटं!" नाना, नातू असंही विचारतात. :)

ओकलंडकरांना माझं अनुमोदन. पण मॉलवाल्यांनी ती पाटी ज्या कोपऱ्यात आहे तिथे कचऱ्याचा डबा ठेवू नये एवढं कोणी तरी सांगा. मागच्या वेळी होता.

गुगली

खुर्चीचा किस्सा भन्नाट. ५२० फूट म्हणजे १५८ मीटर! आयपीएलमध्ये ११० मीटर गेला तरी कॉमेंटेटर खुर्चीवरून पडतात.

ब्रुकलिनवाला

फसलेलं उदाहरण मी देतो. एबेट्स फील्ड. १९१३ ते १९५७ ब्रुकलिन डॉजर्सचं घर. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू इथेच पहिल्यांदा मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमध्ये, उतरला आणि वर्णभेदाची भिंत पडली. अमेरिकेच्या इतिहासातली ही जागा किती मोठी, तुम्हीच ठरवा.

डॉजर्स लॉस एंजेलिसला गेले. २३ फेब्रुवारी १९६० ला मैदान पाडायला आलेल्या क्रेनचा लोखंडी गोळा बेसबॉलसारखा रंगवला होता, पांढरा, वर लाल शिवण. असला विनोद ज्याला सुचला त्याला दंडवत. तोच गोळा पुढे १९६४ मध्ये न्यूयॉर्कचंच दुसरं मैदान, पोलो ग्राउंड्स, पाडायला वापरला. जागेवर उंच इमारती झाल्या. भिंतीवर एक दगडी पाटी आहे, 'इथे एबेट्स फील्ड होतं' एवढ्याच अर्थाची. पुढे १९७२ मध्ये वस्तीला जॅकी रॉबिन्सनचं नाव दिलं. आवारात बॉल खेळायला मनाई असल्याची पाटी होती, हे इकडचे लोक अजून हसून सांगतात, हसणं कसलं म्हणा.

प्लेट कुठे, पिचर (चेंडू टाकणारा) कुठे, कसलीही खूण नाही.

पोलो ग्राउंड्सचं नशीब किंचित बरं. तिथेही इमारतीच झाल्या, पण कड्यावरून मैदानाकडे उतरणारा १९१३ चा एक लोखंडी-दगडी जिना उरला होता, जॉन ब्रश यांच्या नावाचा. गंजून, गवत उगवून बंद पडला होता. तिथे पूर्वी खेळलेल्या संघांनी पैसे घातले आणि तो दुरुस्त झाला. आता लोक त्यावरून खाली भाजी आणायला जातात.

वऱ्हाडी_मानूस

आपल्याले बेसबॉलमधलं काईच समजत नाही भाऊ, पण धागा सोडवत नाही. एक सांगा, या भिंतीचा खर्च कोन करते? आपल्याकडं तं उद्घाटन मंत्री करते अन् मंग गवत बकऱ्या खाते.

मोटारगाववाला

@वऱ्हाडी_मानूस, डेट्रॉइटचं ऐका, तुमच्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

टायगर स्टेडियम. मिशिगन आणि ट्रंबल रस्त्यांचा चौक, इथले लोक नुसतं 'द कॉर्नर' म्हणतात. २० एप्रिल १९१२ ला उघडलं, बोस्टनचं फेनवे मैदान उघडलं त्याच दिवशी. २७ सप्टेंबर १९९९ ला शेवटचा सामना. मग दहा वर्षं नुसत्या चर्चा. वाचवायचं, अर्धं वाचवायचं, संग्रहालय करायचं. २००९ मध्ये शेवटचा भाग पडला आणि नऊ एकर रान उरलं. कंबरेएवढं गवत, बाटल्या, टायर.

२०१० मध्ये शेजारपाजारचे काही लोक आपापली गवत कापायची मशीनं घेऊन आत शिरले. जागा महापालिकेची, परवानगी नाही. पोलीस येऊन बाहेर काढायचे. हे पुन्हा यायचे. त्यांनी गवत कापलं, मैदानाच्या आतल्या चौकोनातला मातीचा भाग उघडा केला, पिचरचा उंचवटा पुन्हा घडवला. मग लोक पोरं घेऊन येऊ लागले. कोणी तिथे लग्न लावलं, कोणी वडिलांची राख सोडली. वर्षानुवर्षं हे चाललं. कोणाचा पगार नाही, कोणाचा फोटो नाही.

मग २०१८ मध्ये त्याच जागी मुलांसाठी नवं मैदान झालं. मुलं खेळतायत, उत्तम झालं. जुना १२५ फुटी झेंड्याचा खांब जागेवरच आहे. पण खाली गवत कृत्रिम! ज्यांनी इतकी वर्षं ते गवत राखलं त्यांनी परोपरीने सांगितलं की खरं गवत ठेवा. ऐकलं नाही. कारण हिशेबी होतं, कृत्रिमवर दिवसभर खेळता येतं, चिखल होत नाही. मला दोन्ही बाजू कळतात, पण मी असतो तर खरंच ठेवलं असतं.

वऱ्हाडी_मानूस

हे लय आवडलं. स्वतःची मशीन घेऊन जाते म्हंजे मानसं पक्की.

तिसरी_घंटा

सगळा धागा वाचला. छान चाललंय, पण पिट्सबर्गबद्दल बोलताय आणि ग्रीनली फील्डचं नावसुद्धा कोणी काढलं नाही? ओकलंडकर, तुमच्या भिंतीपासून ते फार लांब नाही.

ग्रीनली फील्ड हे बेसबॉलचं मैदान हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, बेडफर्ड अव्हेन्यूवर होतं. १९३२ मध्ये गस ग्रीनलीने बांधलं. हा कृष्णवर्णीय माणूस, वस्तीत त्याचा क्लब, आणि पैसा मुख्यतः 'नंबर्स'चा. म्हणजे आपला मटकाच. त्याने स्वतःच्या पैशाने विटांचं मैदान बांधलं, साडेसात हजारांच्या आसपास माणूस बसेल असं, पुढे दिवेही लावले. कृष्णवर्णीय मालकाने आपल्या संघासाठी बांधलेलं मैदान ही त्या काळात किती दुर्मिळ गोष्ट! संघ पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स. सॅचेल पेज, जॉश गिब्सन, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन, ज्युडी जॉन्सन. हे पाचही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या सर्वोच्च मानाच्या यादीत, गेले.

१९३८ मध्ये मैदान पाडलं आणि तिथे सरकारी घरं बांधली. सहा वर्षं टिकलं फक्त.

आज तिथे राज्य सरकारची निळी पाटी आहे, पिवळ्या अक्षरांची, रस्त्याकडेला खांबावर. बस. रेषा नाही, प्लेट नाही, भिंत तर नाहीच. १३ ऑक्टोबरला जमतात तसं तिथे कोणी टेप घेऊन जमत नाही, कारण टेपच नाही. क्रॉफर्ड्सच्या सामन्यांची कॉमेंट्री कोण साठवणार होतं?

आणि फोर्ब्ज फील्डवर जॉश गिब्सन खेळलाय, होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या दुसऱ्या संघाकडून. पायरेट्स दौऱ्यावर असले की ग्रेज मैदान भाड्याने घ्यायचे. ज्या मैदानावर तो होम रन मारत होता, त्याच मैदानाच्या मालक संघात त्याला जागा नव्हती. २० जानेवारी १९४७ ला तो गेला, पस्तीस वर्षांचा. रॉबिन्सन उतरला त्याच्या तीन महिने आधी. २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगचे (कृष्णवर्णीयांना वेगळ्या खेळाव्या लागलेल्या लीगचे) आकडे आपल्या नोंदींत घेतले, तेव्हा कळलं की कारकिर्दीच्या बॅटिंगच्या सरासरीत .३७२ ने पहिला नंबर गिब्सनचा. सगळ्यांत वरचा.

जागा आणि माप जपा म्हणता. कोणाची जागा जपली जाते ते आधी बघा. विद्यापीठाच्या आवारातली भिंत वाचली, कारण शेजारी विद्यापीठ होतं. हिल डिस्ट्रिक्टमध्ये कोण होतं?

ओकलंडकर

@तिसरी_घंटा, याला माझ्याकडे उत्तर नाही, भर मात्र आहे. पीएनसी पार्कच्या प्रवेशद्वारापाशी २००६ मध्ये निग्रो लीगच्या खेळाडूंचे पुतळे बसवले होते, गिब्सन आणि पेज त्यात होते. २०१५ मध्ये ते काढले आणि पुढे लिलावात विकले गेले. वॅग्नरचा पुतळा निदान संघाबरोबर फिरतो तरी. हे कुठल्या कुठे गेले.

कोथरूडचा_नाना

लिलावात? पुतळे? हे वाचून वाईट वाटलं. पुतळ्यांच्या बाजूने मी जे म्हणालो त्यातलं अर्धं मागे घेतो. अर्धं ठेवतो.

पण तिसरी_घंटा, एक विचारतो. मैदान पाडून जी घरं झाली, ती कोणासाठी?

तिसरी_घंटा

@नाना, बरोबर जागी बोट ठेवलंत. गरिबांसाठीच. बेडफर्ड ड्वेलिंग्ज ही देशातल्या सुरुवातीच्या सरकारी घरकुलांपैकी एक, मंदीच्या काळातली. लोकांना घरं हवीच होती. म्हणून 'पाडलं हे पाप' असं मी म्हणत नाही. ब्रुकलिनवाल्यांच्या इमारतींतही हजारो माणसं राहतात, त्यांना प्लेट कुठे होती याच्याशी काय करायचंय? माझं म्हणणं एवढंच की घरांच्या अंगणातही चार विटा बसवता येतात. एक चौकोन, एक रेषा. त्याने कोणाचं घर जात नाही. आणि तिथली पोरं त्यावरून धावतील, ज्यांनी धावायला पाहिजे तीच.

मिनिआपोलिसची_माई

चार विटांची कल्पना आवडली. मॉलमध्ये होऊ शकतं तर अंगणात का नाही?

भोचक_भवानी

फोर्ब्ज फील्डवर नो-हिटर कधी झाली नाही हे ओकलंडकरांनी सांगितलंच नाही. नो-हिटर म्हणजे अख्ख्या सामन्यात पिचर समोरच्या संघाला एकही हिट देत नाही. एकसष्ट वर्षांत, हजारो सामन्यांत, एकदाही नाही! मैदान एवढं मोठं की कुठे ना कुठे चेंडू पडायचाच.

बाय द वे, ७१४ चा उल्लेख आला म्हणून: तो आकडा ज्याने ओलांडला त्या हँक आरनचा ७१५ वा, ८ एप्रिल १९७४ चा, अटलांटात. ते स्टेडियमही पाडलं. चेंडू गेला तिथे कुंपणाचा एक तुकडा पार्किंगमध्ये उभा ठेवला. गाड्यांच्या रांगांत मधेच निळसर कुंपण. आधी हसू येतं, मग जागा सोडवत नाही.

गुगली

पायरेट्सचं आणि आपलं एक नातं आहे, विसरू नका. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय मुलांना पायरेट्सनेच करारबद्ध केलं होतं. भालाफेक करणारी उत्तर प्रदेशातली मुलं. मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, पण सुरुवात तिथून.

कोथरूडचा_नाना

ओकलंडकर, माझी लेक क्लीव्हलंडला आहे. पुढच्या ऑक्टोबरात आमचा मुक्काम तिच्याकडे. १३ तारखेला येणं जमलं तर काय काय बघावं? गुडघ्यांचा विचार करून सांगा.

ओकलंडकर

@नाना, या, या! क्लीव्हलंडहून दोन-अडीच तासांचा रस्ता. सकाळी लवकर निघा. आधी कथीड्रल ऑफ लर्निंग, बेचाळीस मजल्यांची विद्यापीठाची इमारत, भिंतीपासून चालत जवळच. १९६० मध्ये तिच्या वरच्या मजल्यावरून पोरं सामना बघत होती, त्याचा फोटो फार प्रसिद्ध आहे. आत निरनिराळ्या देशांच्या वर्गखोल्या आहेत, त्यात भारताचीही, नालंदाच्या धर्तीवर विटांत केलेली. वर जायला लिफ्ट आहे. मग पॉस्वर हॉलमधली प्लेट. एकच्या आधी भिंतीशी. खाण्याची सोय स्वतःची ठेवा. परतताना गाडी बेडफर्ड अव्हेन्यूवरून घ्या, निळी पाटी दाखवतो. तिसरी_घंटा, तुम्हीही येताय का?

तिसरी_घंटा

येते. पाटीपाशी मी बोलणार, तुम्ही नाही.

गुगली

एक शंका. या सामन्याचं पूर्ण चित्रण सापडलंय ना? गायक बिंग क्रॉस्बी पायरेट्सचा भागीदार होता, सामना बघवणार नाही म्हणून पॅरिसला जाऊन बसला आणि टीव्हीवरून फिल्म करून ठेवायला सांगितलं. तिचे डबे २००९ मध्ये त्याच्या घरातल्या वाइनच्या तळघरात सापडले. मग अजून रेडिओच का ऐकतात?

ओकलंडकर

@गुगली, पडदा लावला तर सगळ्यांना भिंतीकडे पाठ करून बसावं लागेल. शिवाय रेडिओच्या टेपमध्ये मजा आहे. कॉमेंटेटर चक थॉम्पसन शेवटच्या क्षणी इतका बावचळला की पिचर राल्फ टेरी असताना त्याने आर्ट डिटमारचं नाव घेतलं. डिटमार तेव्हा मैदानाच्या कडेला चेंडू टाकून हात मोकळा करत होता. पुढे ती टेप एका बिअरच्या जाहिरातीत वापरली, तेव्हा डिटमारने कोर्टात दावा लावला आणि हरला. दरवर्षी त्याचं नाव आलं की मागून कोणी तरी ओरडतं, "टेरी! टेरी!"

कोथरूडचा_नाना

खुर्च्या तिथे मिळतात की घरून न्यायच्या?

ओकलंडकर

घरून, नाना. आणि पाठ टेकता येईल अशी आणा, अडीच तासांवर बसायचंय.